पांढरा रंग देण्याआधी

दर आठवड्याला या पानावर आपण चार-सहा पत्रांना उत्तरं देतो. कुणाच्या लोणच्यावर बुरा आलेला असतो, कुणाच्या भिंतीला ओल असते, कुणाला समईवरचे हिरवे डाग काढायचे असतात. या वेळी मात्र एकाच पत्रासाठी सगळं पान राखून ठेवलं आहे. पत्र आहे सांगलीच्या एका भगिनीचं आणि प्रश्न आहे सातासमुद्रापलीकडच्या एका घराचा. पण वाचत गेलात की तुमच्याही लक्षात येईल, तो तुमच्या-माझ्या घरापासून फारसा लांब नाही.

या भगिनींची लेक आणि जावई कॅलिफोर्नियात, पॅसाडेना नावाच्या गावी असतात. दोघांनी मिळून तिथे एक जुनं घर घेतलं. १९११ साली बांधलेलं. बैठं, उतरत्या छपराचं, पुढे ऐसपैस ओटा असलेलं. आत शिरावं तर सगळीकडे गडद लाकूड. लेकीला आता सातवा महिना लागेल. बाळ यायच्या आत घर उजळ करून घ्यायचं जावईबापूंनी मनावर घेतलंय. ठेकेदारही ठरलाय. बेत असा की लाकूडकामाला सरसकट पांढरा रंग द्यायचा, फायरप्लेसच्या दोन्ही अंगांची भिंतीतली कपाटं उपटायची, बैठकीची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामधले लाकडी खांब काढायचे आणि जुन्या खिडक्या जाऊन प्लॅस्टिकच्या बसवायच्या.

लेक फोनवर म्हणते, "आई, घर अंधारं वाटतं हे खरं गं. पण त्या लाकडावरून हात फिरवला की रंगवावंसं वाटत नाही." शेजारची म्हातारी तिला सांगून गेली, "तुमचं घर क्राफ्ट्समन पद्धतीचं आहे, जपा त्याला." पुढच्या महिन्यात या भगिनी बाळंतपणासाठी तिकडे जाणार आहेत. त्या विचारतात, "अशा घराची किंमत नेमकी असते तरी कशात? आणि जावयाच्या घरात सासूने याबाबत बोलावं की गप्प बसावं?"

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी पहिलं.

कारागिराचं घर

क्राफ्ट्समन म्हणजे कारागीर. हे नाव पडलं एका मासिकावरून. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरी गुस्ताव स्टिकली नावाचा फर्निचर बनवणारा होता. जन्म १८५८ चा, बाप गवंडीकाम करणारा. त्याने १९०१ च्या ऑक्टोबरात 'द क्राफ्ट्समन' हे मासिक काढलं. त्या पहिल्या अंकांचं बहुतेक लेखन कुणी केलं होतं, माहीत आहे? आयरीन सार्जंट या बाईंनी. सिरॅक्यूज विद्यापीठात त्या शिकवत असत. म्हणजे ज्या चळवळीला आज 'कारागिरांची' म्हणून ओळखतात, तिचे शब्द एका बाईच्या लेखणीतून उतरले होते.

त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी स्टिकलीच्या राहत्या घराला आग लागली. घर बाहेरून चारचौघांसारखंच, त्या काळच्या रिवाजाचं होतं. आतून मात्र बरंच जळालं. दुसरा कुणी असता तर होतं तसंच परत बांधलं असतं. घरात सहा मुलं, त्यातल्या पाच मुली. एवढ्या गोतावळ्याला ऐन थंडीत कधी एकदा छप्पर मिळतंय असंच कुणालाही झालं असतं. पण स्टिकलीने आतला खालचा मजला नव्या विचाराने उभा केला. लहान लहान बंद खोल्यांऐवजी एकातून दुसरीत सहज जाता येईल अशा मोकळ्या जागा. छताच्या तुळया न झाकता उघड्या ठेवलेल्या. भिंतींना लाकडाचं अस्तर. सामान थोडं पण दणकट, नक्षीकाम नाही. १९०२ च्या डिसेंबरात त्या घराचं वर्णन त्याच्याच मासिकात छापून आलं. पुढे ज्याला क्राफ्ट्समन घर म्हणू लागले, त्याचा आतला चेहरा घडला तो सिरॅक्यूजच्या या कोलंबस अ‍ॅव्हेन्यूवरच्या घरात.

नक्षी का नको? कारण सोपं आहे आणि ते आपल्याला लगेच पटेल. नक्षीत धूळ बसते, ती कुणाला तरी पुसावी लागते. त्या आधीच्या श्रीमंती घरांत पडदे, झालरी, कोरीव पाय, काचेच्या बाहुल्या यांची गर्दी असे आणि ती पुसायला नोकरमाणसं असत. स्टिकली डोळ्यांपुढे आणत होता तो मध्यम स्थितीतला संसार, जिथे घरधनीणच सगळं करते. म्हणून कपाटं भिंतीत, बाकं खिडकीखाली, स्वयंपाकघर आटोपशीर. कमी चालावं, कमी वाकावं, कमी पुसावं. हे घर दिसायला साधं असलं तरी ते बाईच्या पायांचा विचार करून मांडलेलं होतं.

आणि ते फक्त पैसेवाल्यांसाठी राहिलं नाही. १९०४ पासून मासिकाच्या वर्गणीदारांना घराचे नकाशे फुकट मिळू लागले. आपल्या साप्ताहिकातून जसे विणकामाचे नमुने किंवा ब्लाउजचे कागद मिळत, तसेच म्हणा ना. पाठोपाठ इतरही लोक असल्या घरांचे नकाशे विकू लागले. सीअर्स या दुकानाने तर १९०८ ते १९४० या काळात सबंध घराचं सामान, कापलेल्या लाकडांपासून खिळ्यांपर्यंत, रेल्वेने गिऱ्हाइकाकडे पाठवलं. त्यातही या पद्धतीची घरं पुष्कळ होती.

अशा लहान घरांना तिकडे 'बंगलो' म्हणतात. हा शब्द आपल्याकडचाच. मूळ 'बंगला', म्हणजे बंगाली धाटणीचं घर. इंग्रजांच्या तोंडून तो तिकडे गेला आणि कॅलिफोर्नियात जाऊन रुजला. तेव्हा ताई, तुमच्या लेकीचं घर नावापुरतं तरी अगदीच परकं नाही हो!

एका पांढऱ्या रंगाची गोष्ट

आता तुमच्या लेकीच्याच गावची एक हकिगत सांगते. जावईबापूंना सांगायची ती हीच.

पॅसाडेनात वेस्टमोरलँड प्लेस या रस्त्यावर गॅम्बल हाउस नावाचं घर आहे. साबण आणि धुण्याच्या पावडरी करणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या घराण्यातले डेव्हिड गॅम्बल आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी १९०८ साली ते बांधून घेतलं. रचना केली चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या दोघा भावांनी. घर मोठं आहे, तुमच्या लेकीच्या घराशी त्याची बरोबरी नाही. पण धाटणी तीच. वळचणी लांब बाहेर आलेल्या, वाशांची टोकं उघडी, झोपायला हवेशीर गच्च्या. आतल्या मोठ्या दालनात आणि जिन्याला वापरलंय ते लाकूड कुठलं? ब्रह्मदेशचा साग! आपल्या आजी-पणजीच्या वेळी ज्या सागाचं नाव काढत, तोच. लाकडाचे कंगोरे असे गोल घासलेत की जिन्याच्या कठड्यावर हात ठेवावा आणि काढूच नये. सांधे लपवलेले नाहीत. एका लाकडाचं टोक दुसऱ्यातून कसं गेलंय आणि खुंटीने कसं आवळलंय हे उघड दिसतं. कारागिराने काय केलं ते घरात राहणाऱ्याला रोज दिसावं, हा त्यामागचा विचार.

या घरात मेरीबाईंची धाकटी बहीण ज्युलियाही राहायची. मुलांची मावशी. डेव्हिड १९२३ साली गेले, मेरी १९२९ साली गेल्या, पण ही मावशी १९४३ साली डोळे मिटेपर्यंत त्याच घरात होती. मग १९४६ साली मुलगा सेसिल आणि सून लुईस तिथे राहायला आले. तोवर काळ बदलला होता. सगळीकडे उजळ, गुळगुळीत, नव्या तऱ्हेची घरं होत होती. असं गडद लाकूड म्हणजे म्हाताऱ्यांची आवड. सेसिल आणि लुईस यांच्याही मनात घर विकायचं आलं. गिऱ्हाइकं बघायला येऊ लागली. त्यात कुणाच्या तरी तोंडून कानावर आलं की घर घेतल्यावर हे आतलं सगळं लाकूड पांढरं रंगवून टाकायचं!

झालं. घर विकायचा विचारच त्यांनी सोडून दिला.

पुढे १९६६ साली गॅम्बल कुटुंबाने ते घर पॅसाडेना शहराच्या स्वाधीन केलं. त्यात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठालाही सहभागी करून घेतलं. १९७७ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आज माणसं तिकीट काढून ते घर आतून बघतात. सिनेमा बघणाऱ्यांना सांगायचं तर १९८५ च्या 'बॅक टू द फ्यूचर' मधल्या शास्त्रज्ञाचं घर म्हणून बाहेरून दाखवलंय ते हेच.

विचार करा, ते बोलणं कानावर पडलं नसतं, किंवा पडूनही 'आता विकतोच आहोत, मग त्यांना हवं ते करू देत' असं त्या जोडप्याने म्हटलं असतं, तर? चार दिवसांत रंगाचे दोन हात बसले असते. मग पुन्हा तो साग बघायला मिळाला असता का?

किंमत कशात?

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. जुनं ते सोनं असं आपण म्हणतो खरं, पण सगळंच जुनं काही सोनं नसतं. नुसत्या वयाने घराला वारशाची किंमत येत नाही. तिकडे जुन्या वास्तूंच्या राष्ट्रीय यादीसाठी साधारण ५० वर्षं झालेली असावीत असा दंडक आहे, पण वय ही पहिली पायरी झाली. पुढचे प्रश्न महत्त्वाचे. घर कुणाच्या हातचं? त्याचं मूळ रूप किती शिल्लक आहे? ते कुठल्या विचारातून बांधलं? आणि आजूबाजूला त्याची भावंडं आहेत का?

यातला 'मूळ रूप किती शिल्लक' हा प्रश्न फार मोलाचा. स्टिकलीच्याच घराचं बघा. १९१५-१६ च्या सुमारास त्याचा धंदा बुडाला, मासिक बंद पडलं. म्हातारपणी तो लेकीकडे राहिला, आणि लेक राहत होती ती त्याच सिरॅक्यूजच्या घरात. तिथेच १९४२ साली तो गेला. पुढे घर कुटुंबाच्या हातून गेलं. सामान कुठल्या कुठे पांगलं. त्या घरासाठी बनवलेला जेवणघरातला एक मोठा साइडबोर्ड १९८८ साली न्यूयॉर्कला लिलावात निघाला. गायिका आणि नटी बार्बरा स्ट्रायसँड यांनी तो ३,६३,००० डॉलरला घेतला! एका लाकडी कपाटाची ही किंमत. आणि ज्या भिंतीपाशी ते उभं असायचं, ती भिंत, ते घर? त्याच्याकडे मात्र कित्येक वर्षं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. १९८४ साली राष्ट्रीय यादीत नाव लागलं होतं, एवढंच. त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला गेला तो अगदी अलीकडे.

यातून मला एवढंच म्हणायचंय की हलवता येणाऱ्या वस्तूला बाजारात भाव येतो, भिंतीत बसवलेल्या कपाटाला येत नाही. कारण ते उपटलं की त्याच्या फळ्या होतात. त्याची किंमत ते जागेवर असेपर्यंतच. तुमच्या लेकीच्या फायरप्लेसपाशी जी कपाटं आहेत ती या जातीची.

पॅसाडेनात 'बंगलो हेवन' नावाची एक वस्तीच आहे. अशी लहान लहान सुमारे ८०० घरं. एकेकटं घर घेतलं तर त्यात राजवाड्याचं असं काही नाही. पण ती घरं पाडून तिथे चाळवजा इमारती उठू लागल्यावर राहणारी माणसं एकत्र आली आणि १९८९ साली त्या वस्तीला शहराने संरक्षण दिलं. शहरातली ती अशी पहिलीच वस्ती. त्याच वर्षी तिकडे न्यू जर्सीत पार्सिपनी गावाने स्टिकलीचं दुसरं घर, त्याचं ओंडक्यांचं लाकडी घर, सक्तीने ताब्यात घेऊन वाचवलं, नाहीतर ती जमीन इमारतींसाठी जात होती. न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे असतील त्यांनी ते संग्रहालय जरूर बघून यावं.

आणि एक दुःखाची गोष्ट. २०२५ च्या जानेवारीत पॅसाडेनाला लागून असलेल्या अल्टाडीनात भयंकर वणवा पेटला. नऊ हजारांहून जास्त इमारती जळाल्या. त्यात या काळची कितीतरी घरं गेली. माणसांपुढे घरांचं दुःख ते काय म्हणा. पण जी उरली त्यांची जबाबदारी आता वाढली, एवढं खरं.

आतलं कोण राखणार?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. संरक्षित वस्तीतल्या घराचं रस्त्यावरून दिसणारं रूप बदलायचं तर शहराची परवानगी लागते. ओटा, छप्पर, पुढच्या खिडक्या, हे सगळं त्यात आलं. पण सहसा घराच्या आत कायदा येत नाही. आत कपाटं ठेवायची की उपटायची, लाकूड राखायचं की रंगवायचं, हे ठरवणार राहणारी माणसंच. बाहेरचं नगरपालिका बघेल, आतलं घरच्यांनीच बघायचं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगायचा अधिकार घेते. आमच्या सासरच्या घराला सागवानी दार होतं, पितळी कड्यांचं. दिराच्या लग्नाच्या वेळी घर 'नवं दिसावं' म्हणून मीच हट्ट धरून त्याला मोरपंखी ऑइलपेंट लावून घेतला. सगळ्यांनी वाहवा केली. वीसेक वर्षांनी तो रंग उडायला लागला तेव्हा सुताराला बोलावून सगळा खरवडून घेतला. खाली लाकूड निघालं, पण कोरडं, भकभकीत. मी म्हटलं, "पहिल्यासारखं नाही दिसत हो." सुतार म्हणाला, "बाई, रंग निघतो. पण त्यावर चार पिढ्यांचा हात फिरला होता, तो रंगाबरोबर गेला. तो कुठून आणू?" सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण रंग लागला त्या दिवशी त्या दाराशी थोडा वेळ उभ्या होत्या, ते मला अजून आठवतं.

आता करायचं काय?

लेकीला सांगायच्या गोष्टी एकेक करून लिहिते. ताई, हे कात्रण कापून पर्समध्ये ठेवा.

१. सगळ्यात आधी शिसं. हा रंगरूपाचा नाही, बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे. अमेरिकेत १९७८ साली घरगुती रंगात शिसं घालायला बंदी आली. त्याआधीच्या घरात जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. नवा रंग नीट बसावा म्हणून ठेकेदार जुना थर घासतात, तेव्हा ती धूळ घरभर होते. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ती फार वाईट. तेव्हा आधी तपासणी करून घ्यायची, शिशाच्या कामाचं सरकारी प्रमाणपत्र असलेलाच ठेकेदार घ्यायचा, आणि घासण्या-खरवडण्याचं काम चालू असताना लेकीने त्या घरात राहायचं नाही. नुसतं तोंडावर पदर धरून भागत नाही. खरं तर सातव्या महिन्यात हे काम काढूच नये.

२. लाकूड खरंच काळं आहे का मळकं आहे, हे आधी बघा. शंभर वर्षांचा धूर आणि मेणाचे थर बसून लाकूड असतं त्याहून गडद दिसतं. कपाटाच्या आतल्या बाजूला, कुणाला न दिसणाऱ्या जागी, सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने हातभर पुसून बघा. बऱ्याचदा खालून मधासारखा रंग निघतो. त्या काळी लाकडावर लाखेचं पॉलिश करत. ते ओळखायचं तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तशाच आडजागी टेकवायचा. पॉलिश चिकट झालं तर ती लाख समजा, आणि मग तिथे स्पिरिटने पुसायचं नाही. हे काम जावईबापूंनी करावं, खिडक्या उघड्या ठेवून. लेकीने खुर्चीत बसून बघावं.

३. लाकूड घासून नवं करायचं नाही. स्टिकलीच्या पद्धतीत ओकच्या लाकडाला अमोनियाची वाफ देत. लाकडातल्या तुरट अंशावर तिचा परिणाम होऊन ते आपोआप तपकिरी होई. तो रंग वरून लावलेला नसतो, लाकडात मुरलेला असतो, पण थोड्याच खोलीपर्यंत. यंत्राने घासलं की गेला. लेकीच्या घरातलं लाकूड ओक नसून रेडवुड किंवा फर असलं, तरी ते जुन्या जंगलातलं, दाट वर्षवलयांचं असणार. तसं आज सहजी मिळत नाही.

४. उजेड हवा तर लाकडाला नको, भिंतीला रंग द्या. लाकडामधल्या गिलाव्याला साय-रंग किंवा फिकट पिवळा, तुळयांमधल्या छताला पांढरा. जाड पडदे काढा. दिवे निळसर नकोत, पिवळट उजेडाचे लावा, एकच मोठा दिवा लावण्याऐवजी कोपऱ्याकोपऱ्यांत लहान लहान. खोली निम्मी उजळते. आणि यातली एकही गोष्ट अशी नाही की उद्या बदलता येणार नाही.

५. मधले खांब काढण्याआधी ते काय आहेत ते बघा. बैठक आणि जेवणघर यांच्यामध्ये अर्ध्या उंचीची कपाटं आणि वर खांब, ही या घरांची खास खूण. खोल्या मोकळ्या राहाव्यात आणि तरी वेगळ्या वाटाव्यात म्हणूनच ती योजना होती. जावईबापूंना जे मोकळेपण हवंय, ते त्या घरात पहिल्यापासून आहे! आणि भिंतीवर वरचा भार असेल तर ती हलवणं साधं काम नाही, हेही आहेच.

६. जुन्या लाकडी खिडक्या दुरुस्त होतात. दोरी बदलता येते, फट बुजवता येते, कुजलेला तुकडा जोडता येतो. प्लॅस्टिकची बिघडली की सबंध बदलावी लागते. आणि घर संरक्षित वस्तीत असेल तर परवानगी आधी विचारून घ्या, नंतर दंड भरत बसू नका.

७. पैसा खर्चायचाच आहे तर आधी पायावर. तो भूकंपाचा मुलूख. जुनी लाकडी घरं पायाला बोल्टांनी नीट जखडलेली असतीलच असं नाही, आणि विटांची जुनी धुराडी फार कच्ची असतात. हे दोन्ही तपासून घ्यावं. घरच पायावरून सरकलं तर आतली कपाटं जपून काय उपयोग?

८. कॅलिफोर्नियात १९७२ पासून 'मिल्स कायदा' आहे. पात्र ठरलेल्या जुन्या घराचे मालक शहराशी निदान दहा वर्षांचा करार करतात, घर नीट राखायचं वचन देतात, आणि त्यांचा घरपट्टीसारखा कर कमी होतो. पॅसाडेनात ही सोय आहे. जावईबापू हिशेबी असतील तर ही गोष्ट त्यांना नक्की पटेल.

आणि बाळाची खोली?

ती खुशाल पांढरी करा! चकित झालात ना? गंमत अशी की याच घरांत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुष्कळदा झोपायच्या खोल्यांचं लाकूडकाम पहिल्यापासूनच पांढऱ्या रंगाचं असे. मळ लगेच दिसावा, स्वच्छता राहावी, हा हेतू. तेव्हा झोपायच्या खोलीतलं लाकूड आधीच रंगवलेलं असेल तर तिथे पांढरा रंग देण्यात काही बिघडत नाही. फक्त खालचा जुना थर घासायचा नाही आणि शिशाची काळजी घ्यायची. बाळाला उजळ खोली मिळेल, जावयाची हौस होईल आणि बैठकीतलं लाकूड राहील. तसंच स्वयंपाकघरात नवी शेगडी, नवा ओटा, हवं ते करा. घर जपायचं म्हणजे त्यात १९११ सालासारखं राहायचं असं नव्हे. ते घर मुळात बाईचे कष्ट वाचावेत म्हणून बांधलेलं, त्यात आजच्या बाईचे कष्ट वाढवणं हा त्याचाच अपमान.

माझी कसोटी एकच आहे. करतो आहोत ते उद्या परत फिरवता येईल का? येत असेल तर करा. येत नसेल तर एक वर्ष थांबा. त्या घरात एक हिवाळा, एक उन्हाळा काढा. सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं, बाळ कुठल्या बाकाला धरून उभं राहतं, ते बघा. मग ठरवा.

बोलावं का?

ताई, बोला. पण एकदाच बोला, आणि दोघांसमोर बोला. लेकीला एकटीला गाठून सांगाल तर ते जावयाच्या माघारी झालेलं बोलणं ठरेल आणि त्या बिचारीच्या जिवाला दोन्हीकडून घोर. आणि 'असं करू नका' ने सुरुवात करू नका. म्हणा, "इथे जवळच ते गॅम्बलांचं घर आहे म्हणे, मला दाखवाल का?" दोघांना घेऊन जा. जिन्याच्या कठड्यावर त्यांना हात ठेवू द्या. पांढऱ्या रंगाची ती गोष्ट तिथेच उभ्या उभ्या सांगा. मग गप्प राहा. घर त्यांचं आहे, निर्णय त्यांचाच.

एवढं करून त्यांनी रंगवायचंच ठरवलं, तर निदान आधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कपाटाचे फोटो काढून ठेवा. काढलेली दारं, कड्या, बिजागऱ्या फेकू देऊ नका, माळ्यावर ठेवा, वर चिठ्ठी चिकटवा, कुठलं कुठलं ते लिहून. पुढे कधीतरी त्या घरात येणारी दुसरी कुणी बाई तुम्हाला दुवा देईल.

आणि मैत्रिणींनो, ज्यांच्या लेकी पॅसाडेनात नाहीत त्यांनी आज संध्याकाळी आपल्याच घरातलं एखादं जुनं दार, फडताळ, देव्हाऱ्याची चौकट बघा. त्यावर रंगाचे किती हात आहेत? पहिला कुणी लावला? घरात सासूबाई, आजेसासूबाई असतील तर त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. मी माझ्या सासूबाईंना त्या दाराबद्दल कधी विचारलंच नाही.

सांगलीच्या ताई, बाळंतपण सुखरूप पार पडो. परत आलात की घराचं काय झालं ते नक्की कळवा. आम्ही सगळ्याजणी वाट बघतो आहोत.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्याच्या तोंडावर गाद्या-उशा आणि लाकडी कपाटांची काळजी. पत्रं वेळेवर पाठवा.

— तुमची ताई